शनिवारी दोन 'म्हातारे' जेवायला येतायत, वय वर्षं १९

हिरवी_चिंच (२९ जून २०२५)

नमस्कार. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज स्वार्थासाठी धागा काढतेय.

आम्ही नागोयाच्या बाहेर एका निवांत उपनगरात राहतो. शेजारी ७८ वर्षांच्या एक आजी आहेत. त्यांना या वयात इंग्रजी शिकायचंय, म्हणून दर बुधवारी संध्याकाळी एका चर्चमधल्या फुकट संभाषणवर्गाला जातात. जूनमध्ये पाऊस लागला तशी मी त्यांना गाडीने सोडायला लागले, आणि बाहेर ताटकळण्यापेक्षा आत जाऊन बसायला लागले. शिकवणारी दोन अमेरिकन पोरं. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी, बाहेर सायकली. मॉर्मन मिशनरी, म्हणजे एका अमेरिकन ख्रिस्ती पंथाचे प्रचारक.

पट्टीवर आडनाव आणि त्यापुढे जपानीत 'चोरो'. म्हणजे 'एल्डर', वडीलधारा. (आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "चोर? आणि घरात घेतेस?") जपानीत हा शब्द ऐकला की पांढऱ्या भुवयांचा, काठी टेकत येणारा गावचा म्हातारा डोळ्यांसमोर येतो. आणि इथे समोर उभं १९ वर्षांचं, गालावर पुटकुळ्या आलेलं ध्यान. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, त्याच भाषेवर पोट भरते. तर दोघांतला जो लांबोडा आहे तो सव्वा वर्षात माझ्यापेक्षा झोकात आदरार्थी क्रियापदं फेकतो. जळले. दुसरा नवीन आहे, अडीच महिन्यांचा. तो मान डोलवतो.

बुधवारी आजींनी परस्पर जाहीर केलं की ही भारतीय जेवण फार छान करते. झालं. येत्या शनिवारी दोघं जेवायला येणार.

तर काय करू? चहा चालत नाही एवढं कळलंय, मग आल्या आल्या हातात द्यायचं काय? जेवणानंतर त्यांचं धर्मपुस्तक काढून बसले तर उठवायचं कसं? आणि एक आपलं कुतूहल: बुधवारचा तास सोडला तर ही पोरं आठवडाभर करतात तरी काय?

शिवाय एक टोचलंय. आमंत्रण दिल्यावर लांबोड्याने पहिला प्रश्न काय विचारला, तर "यजमानही घरी असतील ना?" मी काय नुसती स्वयंपाकीण?

शनवारातला_आप्पा

जो माणूस चहा घेत नाही त्याच्याकडून धर्मच काय, उसने पैसेही घेऊ नयेत.

घाटकोपरची_जाई

आमच्या सोसायटीत यायचे असे जोडीने. एक काका-काकू होते, मासिक द्यायचे, मराठीतलं. गोड बोलायचे अगदी. तेच का हे?

वाटाण्याच्या_अक्षता

हे तेच ना, चार-चार बायकावाले? १९व्या वर्षी एवढं संसाराचं ओझं, बिचारे. (हलकं घ्या)

लीहायकर

चिंचताई, मी अमेरिकेत युटा राज्यात लीहायला राहतो, सॉल्ट लेक सिटीपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. ऑफिसात डावीकडे ब्राझील करून आलेला, उजवीकडे तैवान करून आलेली, आणि बॉस साप्पोरो. इथे 'कुठे केलंस?' एवढंच विचारतात, मिशन हे सांगावं लागत नाही. त्यामुळे ऐकीव माहितीचा साठा भरपूर आहे. जरा लांबेल.

आधी जाईताई: मासिकवाले म्हणजे यहोवाचे साक्षीदार, तो पंथच वेगळा. ते बहुतेक आपापल्या गावातली, घरसंसारवाली माणसं असतात. मॉर्मनांचं म्हणजे घर सोडून ठरावीक मुदतीसाठी जायचं. मुलगे १८ पूर्ण झाल्यावर २४ महिने, मुली १८ महिने. २०१२ पूर्वी जायचं वय मुलग्यांना १९ आणि मुलींना २१ होतं. अक्षता: बहुपत्नीत्व यांच्या चर्चने १८९० साली अधिकृतपणे सोडलं, आज कोणी केलं तर बाहेर काढतात. आणि 'मॉर्मन' हा शब्दही २०१८ पासून त्यांच्या चर्चला नकोय, पूर्ण नाव घ्या म्हणतात. पूर्ण नाव लिहायला गेलो तर प्रतिसाद आणखी लांबेल, म्हणून मी मॉर्मनच म्हणतोय.

यजमानांचं: राग मानू नका. या मुलांनी परक्या बाईसोबत घरात एकटं थांबायचं नाही, दुसरा पुरुष हवा, असा त्यांचा नियम आहे. मिस्टर नसते तर ती दारातूनच वळली असती. तुम्हाला स्वयंपाकीण नाही समजले, तुम्हाला घाबरले.

आता आठवडा. सकाळी साडेसहाला उठणं. अर्धा तास व्यायाम, मग आंघोळ-नाश्ता, मग अभ्यास: एकट्याने, मग दोघांनी मिळून, मग भाषेचा. त्यानंतर बाहेर, दारं वाजवत. रात्री नऊ-साडेनऊला परत, दुसऱ्या दिवसाची वही लिहायची, साडेदहाला दिवा बंद. २०१७ पासून देशाप्रमाणे थोडं मागेपुढे चालतं. जोडीदार चर्च ठरवून देतं आणि तो सतत नजरेच्या टप्प्यात हवा. बाथरूम सोडून. बॉस म्हणतो, त्याचा पहिला जोडीदार दात घासताना गुणगुणायचा, आणि २० वर्षांनी ते गाणं लागलं की अजून याच्या कपाळात कळ येते.

सोमवार हा 'तयारीचा दिवस'. कपडे, वाणसामान, केस कापणं आणि घरी फोन. हे फोनचं नवीन आहे. फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच: नाताळ आणि मदर्स डे. एरवी आठवड्याला एक ईमेल. आता दर सोमवारी व्हिडिओवर आई दिसते. संध्याकाळी सहाला सोमवार संपला, पुन्हा टाय.

सिनेमा नाही, मैत्रीण नाही, पोहायला जायचं नाही. हो, पोहणं नाही, समुद्राकाठी पोस्टिंग असलं तरी. आणि पगार शून्य. उलट पदरचे महिन्याला ५०० डॉलर भरायचे (२०२० आधी ४००). टोकियो असो की मनिला, आकडा तोच. त्यातून खाण्या-फिरण्यापुरते तिथे मिळतात. बरीच मुलं शाळेत असल्यापासून यासाठी साठवतात. कुठे जायचं ते निवडता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅलेंडर बघा. ६ जुलै, महिन्याचा पहिला रविवार. त्यांचा उपास. शनिवारी रात्री जेवले की रविवारी संध्याकाळपर्यंत काही नाही, पाणीसुद्धा नाही. वाचलेल्या दोन जेवणांचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. म्हणजे तुमच्या घरचं जेवण हे उपासाच्या आदल्या रात्रीचं. कणीक दुप्पट भिजवा.

कोथिंबीर_जुडी

६ जुलैला तर आषाढी एकादशी! म्हणजे चिंचे, तुझ्याकडे दशमीला पंगत आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना निर्जळी. आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आदल्या दिवशीच खाऊन मोकळे.

मेन्यू: वरणभात-तूप, बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या, गोडाला श्रीखंड. मिरची भाजीत न घालता बाजूला ठेचा ठेव, हौस असेल तो घेईल. प्यायला कोकम सरबत किंवा पन्हं.

मुक्काम_पोस्ट_फ्रँकफुर्ट

जपानात आहात तर मुगिचा द्या की! जवाचा चहा म्हणतात, पण चहाचं पान नसतं त्यात, भाजलेलं जव फक्त. चालत असणार.

हिरवी_चिंच

@फ्रँकफुर्ट, अगदी बरोबर! वर्गात आजी थर्मास भरून मुगिचाच आणतात, आणि दोघं तोच पितात. मला आत्ता ट्यूब पेटली. मी समजत होते की गुपचूप नियम मोडतायत.

@लीहायकर, आठवड्याचं वाचून गप्प झाले. माझ्या यजमानांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाचशे डॉलर भरून साडेसहाला उठायचं?"

शनवारातला_आप्पा

कोका-कोला चालतो का?

लीहायकर

चालतो. नियम १८३३ सालचा, 'गरम पेयं' नकोत असा, आणि त्याचा अर्थ चहा-कॉफी असा लावला गेला. दारू-तंबाखू तर नाहीच. हिरवा चहाही नाही, म्हणजे जपानात पंचाईतच. कोलाबद्दल बरीच वर्षं गोंधळ होता, २०१२ त चर्चने सांगून टाकलं की मनाई नाही. त्यामुळे आमच्या युटात जशी तुमच्याकडे अमृततुल्य तशी सोड्याची दुकानं. सकाळी आठला गाड्यांची रांग. कोलात नारळाचं सिरप, साय आणि लिंबू पिळून एक प्रकार करतात. मी एकदा प्यायलो. पुन्हा नाही.

बाळू_बंडखोर

सगळे कौतुकात न्हायलेत, म्हणून मी विरजण घालतो. सरळ प्रश्न: फुकट इंग्रजी वर्ग हे आमिष नाही का? एकट्या म्हाताऱ्या बायका हेरायच्या, आधी इंग्रजी, मग पुस्तक. हेच कोणी आपल्या गावात केलं असतं तर इथे शंभर प्रतिसाद आगपाखडीचे आले असते. आणि १९ वर्षांच्या मुलाने स्वतः ठरवलंय हे कशावरून? जन्मल्यापासून घरात एकच ऐकलं की 'मोठा झालास की मिशन'. याला निवड म्हणायची?

कोथिंबीर_जुडी

बाळू, पहिल्या भागाला +१, मलाही तो वर्ग थोडा खटकलाच. दुसऱ्यावर मात्र एक विचारते. माझा भाचा पंधराव्या वर्षी लातूरला गेला. दोन वर्षं. सकाळी साडेपाचला उठणं, कॉटवर जोडीदार वॉर्डनने ठरवलेला, फोन आठवड्यातून एकदा, सिनेमा नाही, मैत्रीण नाही. पैसे भरणार बाप. आणि जन्मल्यापासून घरात एकच ऐकलेलं, 'मोठा झालास की डॉक्टर'. त्याची निवड कुठली होती?

वाटाण्याच्या_अक्षता

हसून हसून पुरेवाट! लातूर पॅटर्न मिशन!! फक्त हे लोक परत येतात तेव्हा भाषा शिकून येतात, आमचा बंड्या चष्मा घेऊन आला.

बाळू_बंडखोर

जुडीताई, उदाहरण बिनतोड. पण त्याने माझं म्हणणं खोडलं जात नाही. दोन्हीकडे निवड नाही एवढंच झालं.

पायी_चाललोय

वाटेवर आहे, नेट येतंजातं. इथे आमच्या दिंडीत माउलींची पंढरी गाठायची एवढंच, कोणाचं दार वाजवायचं नाही, उलट लोकच दारात ताटं घेऊन उभे. तुमच्या पोरांसाठी कुणी असं उभं राहत नसेल, तर चिंचताई, पोटभर वाढा. रामकृष्ण हरी. बॅटरी ३ टक्के.

मुक्काम_पोस्ट_फ्रँकफुर्ट

दारं वाजवत अनोळखी मुलखात फिरायचं हे आपल्याला नवीन नाही खरं तर. महानुभाव पंथातल्या साधूंचं अटन, म्हणजे भटकंती, आठवा. फरक इतकाच की ते भिक्षा मागायचे, हे द्यायला येतात, आणि घेणारा कोणी नसतो. मागणाऱ्याला लोक निदान मूठभर घालतात.

आमच्या जिन्यात एक जर्मन आजोबा होते. ही पोरं आली की आत बोलवायचे, बुद्धिबळाचा एक डाव, मग "धन्यवाद, देवाबद्दल मला काही ऐकायचं नाही". पोरं दर पंधरवड्याला यायची. कोण कोणाला फशी पाडत होतं कळायचं नाही.

मोडीवाचक

बाळूंनी 'आपल्या गावात' म्हटलं म्हणून थोडं अवांतर. आले होते की. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी १८५२ साली मुंबईला उतरला, तिथून पुण्यात आला. म्हणजे पेशवाई बुडून ३४ वर्षं, आणि यांचा पंथ स्थापन होऊन जेमतेम २२. ऐकणारे म्हणाल तर मुख्यतः लष्करातले गोरे. लष्कराने कॅम्पात शिकवायला अडकाठी केली, बाकीच्या मिशनऱ्यांनीही दारं बंद केली. कशीबशी एक छोटी शाखा उभी राहिली, आणि काही वर्षांतच तो निघून गेला. पुढे भारतात त्यांचं रीतसर मिशन बंगळुरूला निघालं ते १९९३ मध्ये.

जपानातही फार वेगळं नाही झालं. हीबर ग्रांट १९०१ च्या ऑगस्टमध्ये योकोहामाला उतरला. त्याला ना भाषा येत होती, ना हाती फारसं काही लागलं. दोन वर्षांत परत. १९२४ मध्ये तर मिशनच बंद केलं, पुन्हा उघडलं दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली. गंमत म्हणजे तोच ग्रांट १९१८ मध्ये त्यांच्या चर्चचा अध्यक्ष झाला होता, म्हणजे आपणच उघडलेलं दुकान त्याच्याच कारकिर्दीत बंद झालं.

शनवारातला_आप्पा

पुण्यात येऊन पुणेकरांना शिकवायला निघालेला पहिला माणूस नव्हे, शेवटचाही नव्हे.

घाटकोपरची_जाई

एवढे जण जातात तर परत येऊन करतात काय पुढे?

मुक्काम_पोस्ट_फ्रँकफुर्ट

जे सगळे करतात तेच. २०२४ च्या अखेरीला जगभर ७४ हजारांवर मिशनरी होते, सगळे थोडेच प्रसिद्ध होणार. पण नावं घ्यायची तर अमेरिकन राजकारणी मिट रॉम्नी १९६६ ते ६८ फ्रान्समध्ये होता. बोर्दोला! वाईन पिकवणाऱ्या गावात वाईन सोडा म्हणून सांगत फिरायचं, कल्पना करा. अमेरिकन टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत २००४ साली सलग ७४ डाव जिंकणारा केन जेनिंग्ज स्पेनला होता. जपानात केंट गिल्बर्ट मिशनरी म्हणून आला आणि पुढे टीव्हीवरचा 'जपानी बोलणारा परदेशी' म्हणून गाजला. चिंचताईंच्या आजींना विचारा, नक्की माहीत असेल.

लीहायकर

बाळू, तुमच्या प्रश्नाला उत्तर देणं राहिलं होतं. टाळत होतो.

कायदा म्हणून सक्ती नाही. मुलींना तर नाहीच, मुलांना 'कर्तव्य' म्हणतात. पण नाही म्हणायची किंमत असते, आणि त्याहून जास्त किंमत अर्ध्यावर परत यायची. आमच्या गल्लीतला एक मुलगा. त्याचं मिशनचं पत्र आलं तेव्हा (आता ऑनलाइन येतं, आधी मोठं पांढरं पाकीट यायचं) आम्हालाही बोलावलं होतं. भिंतीवर जगाचा नकाशा, प्रत्येकाने अंदाजाची टाचणी लावायची. मी चेन्नईला लावली. निघालं दक्षिण अमेरिकेतलं एक शहर. त्याची आई रडत होती, बाप मोबाईल धरून, धाकटी भावंडं नाचत होती.

पाचव्या महिन्यात तो परत आला. झोप लागत नव्हती, छातीत धडधड, डॉक्टरने घरी पाठवा म्हटलं. विमानतळावर एरवी फुगे, फलक, सगळं खानदान असतं. याला आणायला बाप एकटाच गेला. पुढचे सहा महिने तो मुलगा कचऱ्याचा डबा अंधार पडल्यावर बाहेर ठेवायचा. कोणी त्याला वाईट काही बोललं नाही हो. सगळे फक्त विचारायचे, "अरे, तू इकडे कसा?"

आता बरा आहे. गाड्या दुरुस्त करतो, माझी पण. मी त्याला कधी काही विचारत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो माझ्याकडून मजुरी कमी घेतो.

आणि चिंचताई, पुस्तकाबद्दल. नको असेल तर सरळ 'नाही' म्हणा. आपल्या सवयीने 'बघते, विचार करते' म्हणू नका. ते वहीत लिहून ठेवतात आणि तुमच्या त्या 'बघते'साठी पुन्हा सायकल मारत येतात. बॉस सांगतो, 'नाही' दिवसभर ऐकून कान तयार होतात, जीव जातो तो 'बघू'मुळे.

बाळू_बंडखोर

_/\_ यावर बोलायला काही नाही. वर्गाबद्दलचं मत कायम.

हिरवी_चिंच (५ जुलै, रात्र)

पाहुणे गेले. भांडी झाली. वृत्तांत.

सहाची वेळ दिली होती. साडेपाचला कचरा ठेवायला खाली गेले तर दोघं पार्किंगच्या सावलीत सायकलींपाशी उभे. पाऊस संपून ऊन सुरू झालंय, शर्ट पाठीला चिकटलेले. वर चला म्हटलं तर लांबोडा घड्याळ दाखवून म्हणाला, अजून वेळ आहे. बरोब्बर सहाला बेल.

बूट दारात काढले. एवढाले बूट आमच्या दारात पहिल्यांदाच. उचलून नीट लावायला गेले (जपानी सवय लागलीय), तर लांबोड्याच्या उजव्या बुटाचा तळ पार गेलेला, आत पुठ्ठा कापून घातलेला. विजारीच्या उजव्या पायाला घोट्यापाशी रबरबँड, सायकलच्या साखळीचं तेल लागू नये म्हणून. रबरबँड कोबीच्या गड्ड्याचा. ही पोरं आणि माझी आई, दोघंच भाजीचा रबरबँड जपून ठेवणारे.

मुगिचाचे तीन तीन ग्लास गेले. कोकम सरबताचा रंग बघून धाकटा दचकला, प्यायल्यावर भुवया वर, मग पुन्हा ग्लास पुढे. आणि बटाट्याची भाजी! जुडी, तुझे उपकार. धाकटा आयडाहोचा, वडिलांची बटाट्याची शेती. जपानात आल्यापासून बटाटा त्याला नुसता तोंडी लावण्यापुरता मिळालाय. चार वेळा घेतली. पाचव्यांदा कढई समोर ठेवली. तोपर्यंत जपानीत "हो, नाही, आभारी आहे" एवढंच बोलणारा मुलगा, मोहरीबद्दल विचारायला म्हणून इंग्रजीत सुरू झाला तो दहा मिनिटं थांबेना: त्यांच्याकडे बटाटे काढायच्या वेळी शाळेला सुट्टी असते, वडील काय म्हणतात, ट्रॅक्टर कोणता. लांबोड्याने त्याला जपानीत बोल म्हणून टोकलं नाही. एरवी म्हणे आपसातही जपानीच बोलायची शिस्त आहे.

यजमानांनी विचारलं, दिवसात किती दारं? लांबोडा हसला. जपानीत आलेलं पहिलं अख्खं वाक्य कोणतं ते सांगितलं: "मा नि आत्तेमास". दारावरच्या विक्रेत्याला घालवायला म्हणतात ते, 'आहे आमच्याकडे, नको'. इतक्यांदा ऐकलं की न शिकवता पाठ झालं. एकदा एका जुन्या सरकारी वसाहतीत पाचही मजले, सगळ्या बेला. फक्त एका आजींनी दार उघडलं, कारण त्यांना दिवा बदलून हवा होता. बदलला. मग त्यांनी खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचाही बदलायला पाठवलं. "त्या दिवशी दोन दारं," म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरंच खूश होता.

बाळू, तुमचा प्रश्न मी विचारला. थेट. 'तुला यायचं होतं का?' लांबोडा म्हणाला, निघालो तेव्हा वडिलांसाठी निघालो होतो. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "आता मलाच माहीत नाही कोणासाठी आहे, पण सकाळी उठतो." मी पुढे काही विचारलं नाही. पोळी वाढली.

जेवणानंतर त्यांनी नको नको म्हणताना भांडी धुतली. मग पाच मिनिटं प्रार्थना करू का विचारलं. करा म्हटलं. जपानीत केली, आजींच्या गुडघ्यासाठीही मागितलं. यजमान पक्के नास्तिक, पण सकाळपासून घरात वारीचं थेट प्रक्षेपण चालू होतं. शेवटी ते दोघं 'आमेन' म्हणाले आणि आमच्या नास्तिकाच्या तोंडून खणखणीत "पांडुरंग हरी" निघालं. स्वतःच दचकला.

पुस्तक निघालंच. मी लीहायकरांचं ऐकून सरळ म्हटलं, "नाही वाचणार, पण पुढच्या महिन्यात जेवायला या." लांबोड्याने वहीत काहीतरी लिहिलं. पुस्तक परत पिशवीत. पावणेआठला निघाले.

शनवारातला_आप्पा

नास्तिकाला पांडुरंगाकडे वळवलं. म्हणजे मिशन यशस्वी, फक्त कंपनी चुकली.

कोथिंबीर_जुडी

पाचव्या वेळची कढई वाचून डोळ्यांत पाणी. भाजीत आलं घातलं होतंस ना?

पायी_चाललोय

पंढरपुरात पोचलो. चार्जिंग मिळालं. बटाट्याच्या भाजीचा परिच्छेद दिंडीत मोठ्याने वाचून दाखवला. एक बाबा म्हणाले, "पोराच्या बुटाचं काय केलं?"

हिरवी_चिंच

बाबांना सांगा, यजमानांचे बूट नऊ नंबर, त्याचे तेरा. नागोयात तो नंबर शोधतेय.

लीहायकर

बॉसला फोटोशिवाय सगळं सांगितलं. कोबीचा रबरबँड ऐकून म्हणाला, "मी कांद्याच्या पातीचा वापरायचो."

हिरवी_चिंच (१७ जुलै)

धागा वर काढतेय, माफ करा. काल वर्गाला गेले तर लांबोडा नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचे हुकूम येतात म्हणे, आदल्या काही दिवसांत कळतं, दोन सुटकेसा भरायच्या आणि जायचं. तीन तासांवरच्या एका गावी गेलाय. तेरा नंबरचे बूट परवाच मिळाले होते. धाकटा म्हणाला, पोचवायची सोय करतो. बुटात मी लिंबाच्या लोणच्याची बाटली खुपसून दिलीय, घट्ट बांधून.

आजी वर्गभर गप्प होत्या. परतताना गाडीत म्हणाल्या, केंट गिल्बर्टपेक्षा याचं जपानी चांगलं होतं.

आता धाकटाच जुना झालाय. काल फळ्यापाशी तो उभा होता, चुकत होता, पण बोलत होता. नवीन जोडीदार आलाय, जाडजूड, गुलाबी गालांचा. धाकट्याने माझी ओळख करून दिली आणि लगेच वही काढली. पुढच्या महिन्यातलं जेवण त्यात लिहिलेलं होतं, लांबोड्याच्या अक्षरात. २ ऑगस्ट, शनिवार. पुन्हा उपासाची आदली रात्र.

अडचण अशी की नव्याला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत, जिवावर बेततं म्हणे. माझ्या घरात कुटाशिवाय एकही भाजी होत नाही. जुडी, सुचव.

कोथिंबीर_जुडी

ओलं खोबरं वाटून घाल. आधी मिक्सरचं भांडं गरम पाण्याने दोनदा धू, त्यात हमखास कूट अडकलेलं असतं. आणि बटाटे जास्त आण.